चिमणराव नेमके किती?

'चिमणराव' हे नाव उच्चारल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते, यावरून त्याच्या वयाचा आणि गावाचाही अंदाज बांधता येतो. मुंबई-पुण्यात वाढलेल्या आणि आज साठीच्या पलीकडे असलेल्या माणसाला दिलीप प्रभावळकर दिसतात. कारण १९७७ ते १९७९ या काळात मुंबई दूरदर्शनच्या मालिकेत प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ उभे केले होते. आपल्या खानदेशात तेव्हा दूरदर्शन ही ऐकण्याची गोष्ट होती, पाहण्याची नव्हे. त्यामुळे ज्यांचे बालपण चोपडा, शिरपूर, साक्री या बाजूला गेले त्यांचा चिमणराव बराच काळ वाचनालयातल्या पुस्तकातच राहिला. त्याही आधीच्या पिढीचा चिमणराव म्हणजे दामुअण्णा मालवणकर. आणि आम्हा आजच्या विद्यार्थ्यांचा? तो मोबाइलवर पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत भेटतो, कधी भेटतही नाही.

मग चिमणराव एक की तीन? प्रश्न वरवर पाहता पोरकट आहे. परंतु आम्हा सहा-सात वाचनवेड्या विद्यार्थ्यांच्या मंडळात तो निघाला आणि लागोपाठ चार शनिवार पुरला. त्या चर्चेतून जे हाती लागले ते येथे मांडण्याचा विचार आहे.

प्रथम विषय नीट समजून घेऊ. एखादा लेखक पात्रे निर्माण करतो, त्यांना गाव देतो, नातेवाईक देतो, खोडी देतो. ही झाली कथासृष्टी. या सृष्टीत एका गोष्टीत जे घडले ते पुढच्या गोष्टीत घडलेले आहे असे धरून चालतात. एका गोष्टीत लग्न झाले तर पुढच्या गोष्टीत बायको घरात असते. हा सलग धागा. पुढे त्याच पात्रांवर चित्रपट निघतो, मालिका निघते, दुसराच कोणी नवी गोष्ट लिहितो. तेथे घडलेले मागच्या गोष्टींना ठाऊक नसते. म्हणजे पात्रांचे नाव एक, पण धागे अनेक. या निरनिराळ्या धाग्यांना नावे काय द्यावीत आणि त्यांची मांडणी कशी करावी, हा तो प्रश्न. इंग्रजी वाचक याला 'कंटिन्युइटी' म्हणतात आणि अधिकृत धाग्याला 'कॅनन'. मराठीत या गोष्टी आहेत, पण त्यांना शब्द नाहीत.

'कॅनन' हा शब्द या अर्थाने रूढ होण्याची कथा मोठी गमतीची आहे. मूळ शब्द धर्मशास्त्रातला. बायबलमध्ये कोणते ग्रंथ प्रमाण मानायचे ते ठरवणारा. १९११ साली ऑक्सफर्डमध्ये रोनाल्ड नॉक्स या विद्वानाने शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या पंडितांनी ज्या गंभीरपणे धर्मग्रंथांची चिकित्सा चालवली होती तीच त्याने होम्सला लावली, अर्थातच थट्टेने. पण थट्टा लोकांना इतकी आवडली की ती खरी झाली. कॉनन डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा मिळून साठ, एवढेच 'कॅनन' असे होम्सभक्त आजही मानतात. आणि या साठांतही सगळे जुळत नाही. पहिल्या कादंबरीत (१८८७) डॉ. वॉटसनला गोळी लागलेली असते ती खांद्याला. दुसरीत (१८९०) तीच जखम पायात उतरलेली असते! एका लेखकाच्या एका धाग्यातही असे होते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

अमेरिकेतील चित्रकथांच्या वाचकांनी यापुढचे पाऊल टाकले. तेथील साहसवीरांच्या पहिल्या बहराला 'सुवर्णयुग' म्हणण्याची प्रथा १९६० साली रिचर्ड लुपॉफ याने एका हौशी नियतकालिकात लिहिलेल्या लेखापासून दिसते. म्हणजे नाव प्रकाशकाने दिले नाही, वाचकाने दिले. १९६१ साली 'फ्लॅश' या चित्रकथेत १९४० चा जुना फ्लॅश आणि १९५६ चा नवा फ्लॅश यांची भेट घडवण्यात आली आणि दोघे दोन निराळ्या पृथ्वींवर राहतात असा खुलासा करण्यात आला. १९६३ मध्ये या पृथ्वींना क्रमांक मिळाले. येथे एक बारीक गोष्ट आहे. नव्या वीरांची ती 'पृथ्वी एक' ठरली आणि जे वीर वीस-पंचवीस वर्षे आधी जन्मले होते त्यांच्या वाट्याला 'पृथ्वी दोन' आली! वडील धाकटे झाले. पुढे पृथ्वींची संख्या इतकी वाढली की १९८५-८६ मध्ये प्रकाशकांनी एक महासंकट योजून सगळ्या पृथ्वींची एकच करून टाकली. क्रमांक दिसायला निरुपद्रवी असतो, पण पहिला कोण हे ज्याच्या हाती त्याच्या हाती सगळे, हे त्या वाचकांना आमच्या आधी साठ वर्षे कळले असणार.

आमच्या मंडळात अगदी हेच घडले. विषय होता फास्टर फेणेचा. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल मारतो, 'ट्टॉक्' करतो आणि संकटात उडी घेतो. त्याची वीस पुस्तके. १९८७ साली दूरदर्शनवर मालिका झाली, तीत सुमीत राघवनने फेणे केला. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला, त्यात अमेय वाघ. आमच्यातील एकाने वहीत दोन रकाने आखले : 'खरा' आणि 'नकली'. पुस्तके पहिल्यात, बाकी सारे दुसऱ्यात. मंडळात तालुक्याच्या गावाहून येणारा एक मित्र होता. त्याच्या गावात वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीतले एक कुलूपबंद कपाट. त्याला फेणे प्रथम भेटला तो चित्रपटात, नि तोही टीव्हीवर. वहीतले दोन रकाने पाहून तो काही बोलला नाही. पुढचे दोन शनिवार मात्र आला नाही.

ही गोष्ट मला लागली. कारण रकान्यांत कोणी खोटे लिहिले नव्हते. भागवतांनी फेणे निर्माण केला हे निर्विवाद आहे. पण 'खरा' म्हणताक्षणी आम्ही वर्गीकरण करीत नव्हतो, निकाल देत होतो. आणि निकाल त्या मुलाच्या आनंदाविरुद्ध गेला होता.

कोणी म्हणाले, 'खरा' नको, 'मूळ' म्हणा. शब्द सौम्य झाला, अडचण तीच राहिली. उलट चिमणरावाच्या बाबतीत ती वाढली. चि. वि. जोशी यांचे 'एरंडाचे गुऱ्हाळ' आणि 'चिमणरावाचे चऱ्हाट' हे १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांतले. मास्टर विनायकांचा 'लग्न पहावे करून' हा चित्रपट १९४० चा, 'सरकारी पाहुणे' १९४२ चा. 'आणखी चिमणराव' हे पुस्तक आले त्यानंतर. म्हणजे चित्रपट निघाला तेव्हा 'मूळ' अजून वाढतच होते. शिवाय 'लग्न पहावे करून'ची कथाही जोशींचीच. आता लेखकाने स्वतः चित्रपटासाठी रचलेली गोष्ट मूळ की नक्कल? पुस्तकात नाही म्हणून नक्कल म्हणावे तर लेखकाचा अपमान. लेखकाची म्हणून मूळ म्हणावे तर पडद्यावरचे दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोगही मुळात येऊन बसतात. 'मूळ' या शब्दात लेखक, पुस्तक आणि काळ या तीन गोष्टी आपण न सांगता एकत्र बांधलेल्या असतात. त्या सुटल्या की शब्दही सुटतो.

एक फरक मात्र खरोखर मुळाशी जाणारा आहे. पुस्तकातला चिमणराव आपली फजिती आपणच सांगतो. त्याच्या भाबडेपणाची गंमत अशी की त्याला स्वतःला तो कळत नाही आणि वाचकाला कळतो. पडद्यावर हा 'मी' नाहीसा होतो. कॅमेरा चिमणरावाकडे बाहेरून पाहतो, आणि आपण त्याच्या शेजारी बसण्याऐवजी समोर बसतो. प्रभावळकरांचे काम कितीही सुरेख असले (आणि ते सुरेखच आहे) तरी तो दुसरा चिमणराव आहे. कमी नव्हे, दुसरा.

येथे आम्हाला वाट सापडली ती आपल्या धुळ्यातच, आणि तीही विनोदी वाङ्मयात नव्हे, पोथ्यांत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यास ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले आणि त्यांच्या पश्चात येथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्यभर जमवलेला रामदासी वाङ्मयाचा संग्रह येथेच समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. धुळ्यातल्या मुलांना ही नावे रस्त्याच्या खुणा म्हणून माहीत असतात. पण या मंडळींनी आयुष्य कशात घातले? एकच ग्रंथ अनेक हातांनी लिहिला गेला, प्रत्येक हाताने थोडा बदलला. या प्रतींना नावे कशी द्यावी आणि त्यांची संगती कशी लावावी, यात! आमचा प्रश्न तोच होता, फक्त फेणेच्या जागी दासबोध होता.

आणि त्यांनी नावे कशी दिली पाहा. देवांनी कल्याणस्वामींच्या हातची जी दासबोधाची पोथी प्रमाण धरली तिला 'डोमगावची प्रत' म्हणतात. कारण ती डोमगावच्या मठात होती. वीस दशके आणि दोनशे समासांच्या दासबोधाखेरीज एकवीस समासांचा एक निराळा दासबोध आहे, त्याला 'एकवीस समासी' म्हणतात. कारण त्यात समास एकवीस आहेत. १९०९ साली राजवाड्यांनी ज्ञानेश्वरीची जी प्रत छापली ती एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता. दाव्यावर पुष्कळ वाद झाला, हस्तलिखितही पुढे बेपत्ता झाले, तरी अभ्यासक तिला 'राजवाडे प्रत'च म्हणतात. नावात 'खरी', 'मूळ', 'भ्रष्ट' असे काही नाही. कोठे सापडली, कोणी आणली, किती मोठी, एवढेच. वाद करायचा तो नावाच्या बाहेर करा. नावामुळे निदान आपण कशाविषयी भांडतो आहोत हे दोघांनाही समजते.

वैदिकांनी तर याहून जुना आणि सुंदर शब्द ठेवला आहे : शाखा. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन आणि काण्व अशा दोन शाखा. ज्या परंपरेने वेद सांभाळला तिचे नाव शाखेला. एक शाखा दुसरीची नक्कल नसते.

पण मग वाटेल ते चालेल काय, असा प्रश्न आमच्या एका प्राध्यापकांनी विचारला आणि तो योग्यच होता. त्याचे उत्तर पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारतात आहे. डॉ. वि. सी. सुखटणकर आदी संपादकांनी देशभरच्या हस्तलिखितांची तुलना करून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या संहितेत, व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले ही सर्वपरिचित कथा नाही. द्रौपदी कृष्णाचा धावा करते आणि कृष्ण वस्त्रे पुरवतो, तो धावाही नाही. वस्त्रे आपोआप निघत राहतात. कोणत्याही कीर्तनाला हे सांगून पाहा, मारच बसेल! परंतु संपादकांनी गाळलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत नक्षत्रचिन्हासह आणि परिशिष्टांत छापले, कोणत्या हस्तलिखितात ते येतात हेही नोंदवून. ज्याला ते हवेत त्याला ते सापडतात. म्हणजे निवड करता येते, कठोरही होता येते, आणि तरीही कोणाचा धावा पुसावा लागत नाही.

एवढी सामग्री मिळाल्यावर आम्ही नियम ठरवला. शाखेला नाव द्यावे ते सांगणाऱ्यावरून, माध्यमावरून किंवा वर्षावरून, दर्जावरून नव्हे. आणि नवी शाखा केव्हा मानावी? तर स्मरणाची कसोटी लावावी. या गोष्टीतल्या पात्रांना त्या गोष्टीत घडलेले आठवते काय? आठवत असेल तर शाखा एक. आठवत नसेल, किंवा आठवणे शक्यच नसेल, तर शाखा निराळी. वॉटसनच्या जखमेसारखी लहानसहान विसंगती असेल तर तो पाठभेद. त्यासाठी नवी शाखा काढू नये. दुसऱ्या कोणी मागाहून घुसवलेला प्रसंग तो प्रक्षेप. आणि मुख्य कथेला जोडलेली पुरवणी असेल, महाभारताला हरिवंश आहे तशी, तर ती खिल.

फेणेला ही कसोटी लावल्याबरोबर २०१७ च्या चित्रपटाचा निकाल झटकन लागला. पुस्तकातला बनेश शाळकरी. चित्रपटातला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण. एवढ्यावर कोणी म्हणेल, मोठा झाला असेल. पण चित्रपटात बनेशला चक्क भा. रा. भागवत भेटतात! २००१ साली दिवंगत झालेले लेखक तेथे एक पात्र आहेत. ज्या जगात फेणेचा निर्माता फेणेचा शेजारी आहे ते जग पुस्तकांचे जग असूच शकत नाही. आणि हे भागवत झाले आहेत दिलीप प्रभावळकर. चेहऱ्यावरून शाखा ठरवणाऱ्याने आता चिमणरावानेच फास्टर फेणे लिहिला असे म्हणायला हरकत नाही! तर फेणेच्या शाखा तीन झाल्या : भागवत शाखा, दूरदर्शन शाखा, सरपोतदार शाखा. आमचा तो मित्र तिसऱ्या शनिवारी परत आला. मधल्या काळात त्याने महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून चार पुस्तके नेऊन वाचली होती. पुस्तके उत्तम आहेत, पण माझा फेणे सरपोतदार शाखेचा, असे त्याने सांगितले. ते वाक्य आता कोणालाही न दुखावता बोलता येत होते.

खानदेशापुरता खरा अवघड प्रश्न निराळाच आहे, तो श्यामचा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. बेचाळीस रात्री श्याम आश्रमातील मित्रांना आठवणी सांगतो. मग 'श्याम', 'धडपडणारा श्याम' अशी पुढची पुस्तके आली. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्यात वनमाला आई आणि माधव वझे श्याम. २०२३ साली सुजय डहाके यांचा नवा चित्रपट आला. येथवर आमची कसोटी चालते : साने शाखा, अत्रे शाखा, डहाके शाखा. पण अमळनेरला जाऊन हे सांगा! तेथे प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० पर्यंत शिकवणारे, छात्रालयातल्या मुलांची अंथरुणे आवरणारे साने सर हा कथासृष्टीचा विषय नाही. ते घडलेले आहे. वक्तृत्व स्पर्धांत मात्र मी अनेकदा ऐकले आहे की चित्रपटातला प्रसंग गुरुजींच्या चरित्रातला म्हणून सांगितला जातो, आणि परीक्षकही मान डोलावतात. श्याम म्हणजे पांडुरंग सदाशिव साने नव्हे. गुरुजींनी स्वतःला 'श्याम' हे निराळे नाव दिले त्याला काही अर्थ असला पाहिजे. तेव्हा आम्ही ठरवले की चरित्र ही शाखा नव्हे. शाखा चरित्राला फुटतात, चरित्र कोणाची शाखा होत नाही. यावर मंडळात सर्वांचे एकमत झाले नाही. मला स्वतःला हा नियम पटतो, कारण तो नसेल तर माणसाचे आयुष्य पटकथेच्या सोयीने बदलत जाते.

आणखी दोन ठिकाणी आमची वही अडली. धुळ्याहून तासाभराच्या वाटेवरच्या मालेगावात नासिर शेख यांनी हौशी कलावंतांना घेऊन 'मालेगाव के शोले' आणि 'मालेगाव का सुपरमॅन' काढले. त्या सुपरमॅनच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांचा २००८ चा अनुबोधपट जगभर गाजला. यंत्रमागांच्या गावातला तो किडकिडीत सुपरमॅन कोणत्या पृथ्वीवरचा? विडंबन म्हणून बाजूला टाकणे सोपे होते. पण अमेरिकेतल्या प्रकाशकांच्या पृथ्वी दोनला जागा मिळते, तर मालेगावला का नाही? त्याचे नाव लिहिले : मालेगाव शाखा.

दुसरे ठिकाण कानबाईचे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर अहिराणी गाणी चालतात. माझ्या आजीच्या माहेरची गाणी आणि सासरची गाणी यांत कानबाईची हकीकत एक नाही. लेखक नाही, पहिली प्रत नाही, वर्ष नाही. यातले बरोबर कोणते, असे मी आजीला वहीपेन्सिल घेऊन विचारले. "आमना गावमा आशेच म्हनतस," ती म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या बाईला तिच्या गावचे म्हणायला सांगितले. दोन्ही गाणी एकाच रात्री, एकाच कानबाईपुढे झाली. आमच्या वहीत त्या पानावर शाखांच्या नावांऐवजी सध्या गावांची नावे आहेत, आणि ती वाढत आहेत.

राहता राहिले चिमणराव. जोशी शाखा, विनायक शाखा आणि दूरदर्शन शाखा या तीन निश्चित झाल्या. भांडण उरले ते १९७९ च्या 'चिमणराव गुंड्याभाऊ' या चित्रपटावरून. नट तेच, प्रभावळकर आणि कर्वे. काळही मालिकेला लागूनच. काहींच्या मते तो मालिकेचाच पुढचा भाग, काहींच्या मते चौथी शाखा. चित्रपटातल्या चिमणरावाला मालिकेतले काही आठवते काय, हे पाहिल्याशिवाय ठरणार नाही, आणि आमच्यापैकी कोणाला तो अखंड पाहायला मिळालेला नाही. प्राध्यापकवर्गापैकी कोणी तो चित्रपटगृहात पाहिला असेल तर त्यांनी शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात यावे. वहीत ती ओळ कोरी ठेवली आहे.